सिरीज एस धूसर दिसतो: दोष यंत्राचा, टीव्हीचा की आठ जीबीचा?

वाचकाचं पत्र: दोन वर्षांपूर्वी एक्सबॉक्स सिरीज एस हा गेमिंग कन्सोल घेतला. गेल्या दिवाळीत घरी 55 इंची 4के टीव्ही आला आणि तेव्हापासून गेममध्ये सगळं पुसट दिसायला लागलं. जुन्या 32 इंचीवर असं काही वाटत नव्हतं. मावसभावाकडे पीएस 5 आहे, त्याच्याकडे तेच गेम लख्ख दिसतात. रेड डेड रिडेम्प्शन 2 तर माझ्याकडे बघवत नाही. सायबरपंक 2077 मध्ये तारा आणि झाडं नुसती वळवळतात. दुकानदार म्हणतो केबल बदला, बावीसशेची चांगली घ्या. माझं यंत्र बिघडलंय का? काही सेटिंग चुकतंय का? की हे विकून पीएस 5 घेऊ? खेळायला पलंगावरच बसतो, टीव्हीपासून पाच फुटांवर. (नांदेडचा एक वाचक)

उत्तर: यंत्र बिघडलेलं नाही. ग्राफिक्सची चिप जायला लागली की पडद्यावर रंगीत चौकोन उमटतात, आडव्या-उभ्या रेघा येतात, गेम मध्येच बंद पडतो नाहीतर यंत्रच बंद होतं. नुसता पुसटपणा हे बिघाडाचं लक्षण नव्हे. केबलही घेऊ नका. एचडीएमआयमधून आकडे जातात. केबल कमी पडली तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात किंवा क्षणभर काळोख होतो. थोडं धूसर, थोडं मऊ असं चित्र केबलमुळे येऊच शकत नाही. बावीसशे खिशात ठेवा.

जुन्या टीव्हीवर असं वाटत नव्हतं, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि त्याचं कारण साधं आहे. 55 इंची पडद्याचं क्षेत्रफळ 32 इंचीच्या जवळपास तिप्पट असतं. तेच चित्र तिप्पट जागेवर ताणलं गेलं आणि तुम्ही मात्र त्याच पलंगावर बसून राहिलात.

आता मुळाकडे येऊ. सिरीज एस आणि त्याचा जास्त ताकदीचा भाऊ सिरीज एक्स नोव्हेंबर 2020 मध्ये एकाच दिवशी बाजारात आले. दोघांचा मुख्य प्रोसेसर जवळजवळ एकच: आठ कोअरचा, झेन 2 जातीचा, एकाचा वेग 3.6 गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा 3.8. फरक आहे तो ग्राफिक्समध्ये. एसमध्ये 20 कम्प्यूट युनिट (चित्राचं गणित करणारे गट), एक्समध्ये 52. टेराफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या गणितांच्या भाषेत 4 विरुद्ध 12, आणि मावसभावाचा पीएस 5 सुमारे 10.28 वर. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं असं होतं की एक्स हा 4केसाठी (पिक्सेलच्या 2160 ओळी) आणि एस 1440पीसाठी (1440 ओळी). एवढाच काय तो फरक, बाकी गेम तोच.

कागदावर हे पटतं, पण हिशोब मांडला की कुठेतरी टाके उसवतात. 4केच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे एका स्थिर चित्रात, 82,94,400 पिक्सेल असतात, 1440पीमध्ये 36,86,400. म्हणजे काम 44 टक्क्यांवर आलं, पण ताकद 33 टक्क्यांवर. तूट पहिल्या दिवसापासूनच आहे. म्हणून बरेच गेम एसवर 1440पीचं नाव सांगतात आणि गर्दीचा प्रसंग आला की गुपचूप 1080पी किंवा त्याखाली उतरतात.

तरीही पिक्सेलची ही तूट किरकोळच म्हणायची. खरी अडचण मेमरीची आहे, आणि दुकानात तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. एसमध्ये एकूण 10 जीबी मेमरी. त्यातली 8 जीबी सेकंदाला 224 जीबी वेगाची, उरलेली 2 जीबी जेमतेम 56 वेगाची आणि ती यंत्राच्या स्वतःच्या कारभाराला लागते. गेमच्या वाट्याला आले साधारण 8. एक्समध्ये 16 पैकी 13.5 जीबी गेमला मिळतात आणि त्यातल्या 10 जीबीचा वेग 560 आहे. पीएस 5 मध्ये सगळी 16 जीबी 448 वेगाची.

तुम्ही म्हणाल, रेझोल्युशन कमी केलं की मेमरीही कमी लागेल. लागते, पण किती ते पाहा. 4केचा एक साधा बफर (तयार होणारं चित्र ठेवायची मेमरीतली जागा), दर पिक्सेलला 4 बाइट धरून, सुमारे 33 एमबीचा होतो. 1440पीचा 15 एमबीच्या आत. गेम असे दहा बफर एकावेळी वापरत असेल, तर रेझोल्युशन उतरवून वाचले 185 एमबीच्या आसपास. तूट साडेपाच जीबीची आणि हाताला लागलं एवढंच. समुद्रातून तांब्याभर पाणी काढल्यासारखं.

मग कात्री चालते टेक्श्चरवर. भिंतीचा, चेहऱ्याचा, कापडाचा जो पोत असतो, त्याची एक 4096 बाय 4096 ची प्रतिमा नेहमीच्या दाबलेल्या स्वरूपात 16 एमबी जागा घेते. तीच 2048 ची केली की 4 एमबी. चौपट बचत एका झटक्यात होते, म्हणून एसच्या आवृत्तीत टेक्श्चरची सर्वात मोठी पातळी बहुधा काढूनच टाकलेली असते. परिणाम जवळ गेल्यावर कळतो. लांबून भिंत ठीक दिसते, समोर उभं राहिलं की विटांमधल्या फटी सपाट होतात, पाटीवरची बारीक अक्षरं विरघळतात. यावर कुठलंही सेटिंग नाही, कारण ती प्रतिमा तुमच्या एसएसडीवर उतरलेलीच नसते. एसवर काही गेमचं डाउनलोड लहान असतं ते याचमुळे.

आणि काही गोष्टी तर लहान करताच येत नाहीत. पात्रांच्या हालचाली, आवाज, भौतिकी, पन्नास माणसांचं डोकं चालवणारा कोड, यांना टीव्ही 4के आहे की 720पी याच्याशी देणंघेणं नसतं. बाल्डर्स गेट 3 चं उदाहरण घ्या. पीएस 5 वर तो सप्टेंबर 2023 मध्ये आला, एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये. घोडं अडलं एसवरच्या स्प्लिट-स्क्रीनपाशी, म्हणजे एकाच पडद्याचे दोन भाग करून दोघांनी खेळायच्या सोयीपाशी. दोन खेळाडू नकाशाच्या दोन टोकांना गेले की दोन्हीकडचं जग एकाचवेळी मेमरीत हवं, आणि जागा तेवढी नाही. शेवटी एसला ती सोय न देताच गेम बाजारात आणला गेला. ती मिळायला एप्रिल 2025 उजाडलं. प्रकाश, सावल्या, प्रतिबिंबं खऱ्यासारखी मोजणाऱ्या रे-ट्रेसिंगचंही तेच आहे. त्यासाठी अख्ख्या दृश्याचा एक वेगळा भौमितिक आराखडा मेमरीत ठेवावा लागतो, म्हणून एसवर तो पर्याय बहुतेकदा गाळलेला असतो.

आता तुमच्या दोन गेमकडे वळू, कारण दोघांची दुखणी वेगळी आहेत.

रेड डेड रिडेम्प्शन 2 हा मागच्या पिढीतला गेम. त्या पिढीच्या ताकदवान एक्सबॉक्स वन एक्सवर तो खऱ्या 4केमध्ये चालायचा, साध्या एक्सबॉक्स वनवर 864पीमध्ये. सिरीज एसमध्ये जुने गेम चालतात ते साध्या वनच्या आवृत्तीत. वन एक्समध्ये 12 जीबी मेमरी होती, एसमध्ये 10, त्यामुळे वन एक्सची चांगली आवृत्ती इथे बसत नाही. परिणामी तुमच्या 4के पडद्यावर 1536 बाय 864 चं चित्र येतं, एकूण पिक्सेलच्या 6.25 व्या हिश्श्याचं. एक पिक्सेल ताणून सव्वासहांची जागा भरायची म्हटल्यावर घोड्याची आयाळ कापसासारखी दिसणारच. मावसभावाकडे पीएस 4 प्रोची आवृत्ती चालते. तीही शुद्ध 4के नाही, 1920 बाय 2160 वरून उभी केलेली आहे, पण तुमच्यापेक्षा तिप्पट माहिती तिच्यात आहे. या गेमसाठी एसवर काहीही करता येत नाही, हे मनाशी पक्कं करून पुढे जा. जुन्या गेमपैकी काहींना एफपीएस बूस्ट, म्हणजे सेकंदाला जास्त फ्रेम, मिळालेला आहे. गेमच्या चौकटीवर मेन्यूचं बटण दाबून 'मॅनेज गेम', मग 'कम्पॅटिबिलिटी ऑप्शन्स' उघडा, तिथे तो आणि ऑटो एचडीआर (उजेड-काळोखातला फरक वाढवणारी सोय) दिसतो. रेड डेडला मात्र ती सोय नाही.

सायबरपंकचं तसं नाही. एसवर त्याचे दोन मोड आहेत. क्वालिटी सेकंदाला 30 फ्रेमचा, 1440पीचं लक्ष्य ठेवणारा. परफॉर्मन्स सप्टेंबर 2022 च्या 1.6 अपडेटमध्ये आला, 60 फ्रेमचा, पण 900पीच्या आसपास, प्रसंगी 800पीपर्यंत घसरणारा. तुमच्या तारा वळवळतात म्हणजे तुम्ही बहुधा परफॉर्मन्सवर आहात. वळवळ का होते? असे गेम कमी पिक्सेलमध्ये फ्रेम काढतात आणि मागच्या काही फ्रेममधली माहिती जोडून ती मोठी करतात. भिंत, रस्ता, गाडीचं बॉनेट यांना ही युक्ती चालते, कारण ते मागच्या फ्रेममध्येही होते. तार मात्र 900पीमध्ये एका पिक्सेलपेक्षा बारीक पडते. एका फ्रेममध्ये सापडते, दुसरीत निसटते. पानं, केस, जाळीचं कुंपण यांची तीच गत. पळणाऱ्या पात्राच्या मागे जो भुरभुरीत पट्टा राहतो तोही यातलाच: तिथली पार्श्वभूमी आत्ताच उघडी पडलेली असते, तिची जुनी माहिती कुठून आणणार?

तेव्हा क्वालिटीवर या. सोबत गेमच्या ग्राफिक्स मेन्यूत फिल्म ग्रेन आणि क्रोमॅटिक ॲबरेशन बंद करा. फिल्म ग्रेन मोठ्या पडद्यावर छान दिसत असेल, पण चित्र आधीच मऊ असताना त्यावर वाळू कशाला टाकायची? क्रोमॅटिक ॲबरेशन तर कडांचे रंग मुद्दाम फाकवतं. मोशन ब्लर मात्र सरसकट बंद करू नका. 60 फ्रेमवर बंद चांगला, 30 वर 'लो' ठेवलेला बरा, नाहीतर कॅमेरा फिरवताना चित्र टप्प्याटप्प्याने उडतं. गोळीबाराच्या किंवा शर्यतीच्या गेममध्ये उलटं करा, परफॉर्मन्सच निवडा. फोर्झा होरायझन 5 एसवर 1440पीला 30 किंवा 1080पीला 60 देतो, आणि गाडी दोनशेच्या वेगात असताना 60 च जास्त स्पष्ट वाटतं. स्थिर चित्रात जिंकणारा मोड हालत्या चित्रात हरतो, हे फोटो काढून तुलना करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

टीव्हीची बाजू. आधी एक तपासणी करा म्हणजे कुणाला दोष द्यायचा ते कळेल. एक्सबॉक्सवरच यूट्यूब उघडून एखादा 4के व्हिडिओ लावा आणि दर्जा 2160पी निवडा. एस व्हिडिओ 4केमध्ये दाखवू शकतो. व्हिडिओ धारदार दिसला तर केबल, पोर्ट, टीव्ही सगळं ठीक आहे आणि पुसटपणा गेमच्या रेझोल्युशनचा आहे. व्हिडिओही मऊच दिसला तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये गडबड आहे. होम स्क्रीनच्या अक्षरांवरून मात्र निष्कर्ष काढू नका, त्यांचा गेमच्या रेझोल्युशनशी संबंध नसतो.

यंत्रात सेटिंग्ज, जनरल, 'टीव्ही अँड डिस्प्ले ऑप्शन्स' असं जा. रेझोल्युशन 4के ठेवा. '4के टीव्ही डीटेल्स' उघडून कुठे हिरवी खूण आहे आणि कुठे नाही ते वाचा. 4के 60 हर्ट्झ किंवा एचडीआरपुढे खूण नसेल तर टीव्हीच्या मेन्यूत त्या एचडीएमआय पोर्टसाठी 'एन्हान्स्ड', 'इनपुट सिग्नल प्लस' किंवा 'अल्ट्रा एचडी डीप कलर' अशा नावाचं जे असेल ते चालू करा. नाव कंपनीगणिक बदलतं. 'व्हिडिओ फिडेलिटी'मध्ये कलर स्पेस 'स्टँडर्ड' राहू द्या. तिथे पीसी आरजीबी निवडून टीव्ही नेहमीच्या रेंजवर राहिला तर काळोख्या जागा डांबरासारख्या सपाट होतात.

टीव्हीत गेम मोड लावा. चित्राचा आकार 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' करा. हे सर्वात जास्त लोकांचं चुकलेलं असतं: टीव्ही कडेचे दोन-चार टक्के कापून चित्र पुन्हा ताणतो आणि आधीच ताणलेलं चित्र दुसऱ्यांदा ताणलं जातं. नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग बंद करा. शार्पनेस वाढवायचा मोह आवरा. गेमचा मेन्यू उघडा, गडद पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं जवळून पाहा आणि अक्षराभोवतीची पांढुरकी कड नाहीशी होईपर्यंत शार्पनेस खाली आणा. काही टीव्हींवर हा बिंदू शून्यावर असतो, सोनीच्या बऱ्याच मॉडेलवर 50 वर, त्यामुळे आकडा पाहू नका, कड पाहा.

टीव्ही स्वस्तातला असेल तर एचडीआर एकदा बंद करूनही बघा. पडद्यात पुरेसा उजेड नसला की एचडीआरमध्ये सगळं काळपट दिसतं आणि लोक त्यालाही 'धूसर' म्हणतात. चालू ठेवायचं असेल तर 'कॅलिब्रेट एचडीआर फॉर गेम्स' मध्ये तिन्ही पडद्यांवर नक्षी जेमतेम दिसेनाशी होईपर्यंत सरकवा, त्यापुढे नको.

मध्ये लावायचे '4के करणारे' एचडीएमआय डोंगल विकत मिळतात. ते फार तर कडा गुळगुळीत करतात. जी वीट गेमने काढलीच नाही ती डोंगल कुठून आणणार? बाहेरची हार्ड डिस्क किंवा एक्सपान्शन कार्ड लावूनही चित्रात तसूभर फरक पडत नाही. ती साठवणीची जागा आहे, 8 जीबी मेमरीशी तिचा संबंध नाही.

आणि आता पलंग. 55 इंची पडदा सुमारे 122 सेंटीमीटर रुंद असतो. त्यावर 1080पीचा एक पिक्सेल 0.63 मिलीमीटरचा होतो आणि चष्म्यासह किंवा चष्म्याविना नीट दिसणाऱ्या डोळ्याला तो साधारण सव्वासात फुटांपर्यंत सुटा ओळखू येतो. 1440पीचा 0.48 मिलीमीटर, तो साडेपाच फुटांपलीकडे मिसळून जातो. तुम्ही बसता पाच फुटांवर, म्हणजे एसची सगळी गुपितं उघडी पडतील अशा अचूक जागी. खोली देत असेल तर टीव्ही समोरच्या भिंतीवर टांगा आणि साडेसात-आठ फुटांवर बसा. वरच्या सगळ्या सेटिंगपेक्षा याने जास्त फरक पडेल. खोली देत नसेल तर खेळण्यापुरता 27 इंची, 1440पीचा मॉनिटर टेबलावर घेणं हा दुसरा मार्ग. तिथे एसच्या 1440पीला ताणावंच लागत नाही.

विकण्याचं म्हणाल तर तुम्ही खेळता काय यावर ठरवा. मैदानी खेळ, शर्यती, मित्रांबरोबरचे ऑनलाइन सामने, गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीवर आलटून पालटून खेळायचे गेम असतील तर एसवर फारसं काही सुटत नाही. मायक्रोसॉफ्टचा दंडकच आहे की एक्सवर येणारा गेम एसवरही आला पाहिजे, त्यामुळे नवे गेम यायचे थांबतील ही भीती नको. पण तुमचं पत्र सांगतं की तुम्हाला मोठी, उघडी जगं आवडतात, त्यातही जुने गाजलेले गेम, आणि एसची बाजू नेमकी तिथेच लंगडी आहे. तेव्हा बदल करण्यात तथ्य आहे.

फक्त पीएस 5 वर उडी मारण्याआधी तुमच्या खात्यातल्या गेमची यादी काढा. एसला डिस्कचा ड्राइव्ह नाही, म्हणजे सगळी खरेदी डिजिटल, तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला बांधलेली. ती ना विकता येते ना पीएस 5 वर नेता येते. यादी आठ-दहा हजारांची निघाली तर सिरीज एक्स वापरलेला का होईना मिळतो का ते पाहा: तेच खाते, तेच सेव्ह, आणि रेड डेड त्यावर वन एक्सच्या आवृत्तीत, खऱ्या 4केमध्ये चालतो. यादीत दोन-तीनच गेम असतील आणि मावसभावाबरोबर गेमच्या डिस्कची देवाणघेवाण होणार असेल, तर डिस्क ड्राइव्हचा पीएस 5 घ्या. ड्राइव्ह नसलेलं डिजिटल मॉडेल तसंच वापरलंत तर ती देवाणघेवाण गेली.

एस विकताना 'पर्सनलायझेशन'मध्ये 'माय होम एक्सबॉक्स' काढून टाका, सेव्ह क्लाउडवर चढले आहेत याची खात्री करा आणि मगच 'सिस्टिम', 'कन्सोल इन्फो', 'रिसेट कन्सोल'मधून 'रिसेट अँड रिमूव्ह एव्हरीथिंग' दाबा. हा क्रम उलटा करू नका.